शाळा सुरू झाली म्हणजे गाव सावरलं का?

कुठलंही युद्ध थांबलं की लवकरच बातमी येते, शाळा पुन्हा सुरू झाल्या. नवी दप्तरं घेतलेल्या मुलांचे फोटो बघून मलाही बरं वाटतं. पण मी शिक्षिका आहे. माझी नजर जाते ती वर्गात कोण कुणाशेजारी बसलंय याकडे.

बोस्नियातलं युद्ध १९९५ ला संपलं. परागंदा झालेली कुटुंबं परतू लागली, तेव्हा त्यांच्या मुलांची तात्पुरती सोय म्हणून एकाच इमारतीत दोन शाळा भरवल्या. युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या समाजांची ही मुलं: बोस्नियाक (मुस्लिम) वेगळी, क्रोएट (कॅथलिक) वेगळी. कुठे दारं निराळी, कुठे पाळ्या निराळ्या, इतिहासाची पुस्तकंसुद्धा निराळी. २०१८ मध्येही अशा ५० हून जास्त शाळा होत्या. अख्खी एक पिढी त्या तात्पुरत्या सोयीत शिकली. यायत्से शहरात मात्र, आम्हाला वेगळं करू नका, म्हणत दोन्हीकडची मुलंच रस्त्यावर उतरली आणि २०१७ मध्ये वेगळ्या शाळेचा बेत त्यांनी रद्द करायला लावला. शाळकरी पोरं हो ही! मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

शाळा नुसती असली की माणसं जोडली जातात, असं नाही. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ मध्ये तुत्सी समाजाचा नरसंहार झाला. त्याआधी वर्गात हुतू कोण, तुत्सी कोण, असं विचारून मुलांना उभं करत. ते करणारेही रोज हजेरी घेणारे मास्तरच होते. पोटात गोळा येतो.

उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात हिंसक संघर्ष चालू होता. तिथल्या बेलफास्टच्या काही पालकांनी तर शांततेची वाटच पाहिली नाही. दोन्हीकडच्या मुलांना एकत्र शिकवणारी लॅगन कॉलेज ही शाळा त्यांनी १९८१ मध्ये २८ मुलांवर सुरू केलं. शांतता करार झाला १९९८ ला.

आपल्या कोकणात असं युद्ध नाही, देव करो आणि कधी न होवो. पण आमच्या खाडीकाठच्या गावात मराठी शाळा आणि उर्दू शाळा यांच्यामध्ये चिऱ्याचा गडगा आहे. मुलांनी आपापल्या भाषेत शिकावं, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. चेंडू पलीकडे गेला की ती एकमेकांना नावानं हाका मारतात, गडग्यावर चढतात. त्यांचे बाप पहाटे एकाच जेटीवर मासळी उतरवतात. मग खेळाचा तास एकत्र का नको? पोषण आहाराची पंगत एकत्र का नको? शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. केंद्रप्रमुखांशी बोलले, त्यांची हरकत नाही. तुमच्या गावात असं कुणी केलं असेल, तर कसं जमवलं ते जरूर कळवा. पालकांना सांगायला उपयोगी पडेल.