"गोव्याचे दोनच खासदार, मग मत कशाला?" या मेसेजला माझं उत्तर

आमच्या डिचोलीच्या वाड्यावरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. लोकसभेत 543 खासदार, त्यात गोव्याचे दोन, त्यांना दिल्लीत कोण विचारतो, आणि तसंही आपण मत देतो ते पंतप्रधानाला, खासदार कोणीही असला तरी काय फरक पडतो, खासदाराच्या हातात 5 कोटींच्या निधीशिवाय असतं काय. खाली भराभर अंगठे. माझा भाचा 19 वर्षांचा, वोटर कार्ड नुकतंच आलंय, तो वाचून म्हणाला, मामा, मग मी रांगेत कशाला उभा राहू? मला खरंच खूप वाईट वाटलं.

आधी पंतप्रधानाला मत देतो त्याचं बघू, कारण हे सगळ्यात जास्त लोकांना खरं वाटतं. मशीनवर बटणाशेजारी काय असतं आठवा. उमेदवाराचं नाव, फोटो, निशाणी. बटण दाबलं की शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते, तिच्यावरही आपल्या उत्तर नाहीतर दक्षिण गोव्यातल्या उमेदवाराचंच नाव. पंतप्रधानाचं नाव शोधून सापडणार नाही, तो स्वतः इथून उभा असेल तरच. लोकसभेत ज्याच्या मागे बहुमत, त्याला राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात, आणि ते बहुमत आपण पाठवलेल्या माणसांचंच बनतं. मनमोहन सिंग 2004 ते 2014 पंतप्रधान होते, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते, म्हणजे 2004 आणि 2009 या दोन्ही निवडणुकांत त्यांचं नाव देशातल्या एकाही मशीनवर नव्हतं.

आता दोनाला किंमत नाही म्हणता, तर 17 एप्रिल 1999 आठवा. वाजपेयींच्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव, बाजूने 269, विरोधात 270. एका मताने केंद्रातलं सरकार पडलं. 270 मधला एक जण जरी घरी राहिला असता तर बरोबरी झाली असती आणि मग लोकसभा अध्यक्षांच्या मतावर निकाल लागला असता. त्यावेळी गोव्याचे दोन्ही खासदार विरोधी बाकांवरचे होते, आणि त्याच वर्षी पुढच्या निवडणुकीत गोव्याने दोन्ही जागा फिरवल्या. दोन म्हणजे थोडे असतील, शून्य नाहीत.

राहिला तो 5 कोटींचा मुद्दा. वर्षाला 5 कोटी निधी असतो हे बरोबर, पण खासदाराचं मुख्य काम तो वाटणं नव्हे हो. गटार तुंबलं तर पंचायतीत जा, नाहीतर पालिकेत. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, मुरगाव बंदर हे केंद्राचे विषय, ते संसदेत मांडायचं काम खासदाराचं. म्हादई नदीच्या पाण्याचं भांडण ज्या लवादापुढे गेलं तो लवादही केंद्राच्या 1956 च्या कायद्याखाली नेमलेला. आणि 30 मे 1987 ला गोवा घटकराज्य झालं तेसुद्धा संसदेने कायदा केला म्हणून.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांची मी मानतो, तशी त्यांनी ती लिहिलेली नाही पण मनात तीच असणार. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत देऊ शकत नाही, दिलं तर खासदारकी जाऊ शकते. हे मलाही खटकतं. पण प्रश्न विचारायला व्हिप लागत नाही, अधिवेशन चालू असलं की सकाळी 11 ते 12 प्रश्नोत्तराचा तास असतो, लेखी प्रश्न वेगळे, आणि मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं.

ते प्रश्न संसदेच्या वेबसाइटवर खासदाराच्या नावाने शोधता येतात. काल रात्री जेवण झाल्यावर भाच्याला मोबाईलवर उघडून दिलं, तर तो अर्धा तास एकेक प्रश्न वाचत बसला आणि मग मला विचारलं, मामा, आमच्या कॉलेजला येणाऱ्या बसचा प्रश्न ह्यात बसेल का? म्हटलं नाही रे, तो आमदाराला विचार, तोही आपणच निवडलाय.