रॅम्प आहे, पण वरचं दार बंद आहे

मागच्या वर्षी भावाला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले होते. दाखल्याचं काम होतं. भाऊ व्हीलचेअरवर असतो. दाराशी रॅम्प होता, शेजारी निळी पाटीही लावलेली. खुर्ची ढकलायला लागले आणि अर्ध्यावरच माझे हात थरथरू लागले. एक अनोळखी गृहस्थ मागून धावत आले, त्यांनी रेटा दिला म्हणून वर पोचलो. वर जाळीचं दार, आणि त्याला कुलूप. आतून वॉचमन म्हणाला, “बेन, आ तो बंध छे, पेली बाजुथी आवो.” म्हणजे हे बंद आहे, पलीकडच्या बाजूने या. त्या बाजूला तीन पायऱ्या होत्या.

भाऊ एवढंच म्हणाला, “ताई, खाली घे.”

चार दिवसांनी मी मोजपट्टी घेऊन परत गेले. ओट्याची उंची १८ इंच. नियमाप्रमाणे १ फूट चढायला १२ फूट उतार लागतो, म्हणजे इथे १८ फूट हवेत. होता साडेसहा फूट.

हे इतकं तपशिलात लिहायचं कारण पुढे येतंय.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. त्या देशातल्या मानवी हक्कांच्या स्थितीचा आढावा घेतला जातो. ‘यूपीआर’ (युनिव्हर्सल पिरिऑडिक रिव्ह्यू) म्हणतात त्याला. २००८ पासून हे चालू आहे आणि १९३ देशांपैकी कुणालाही त्यातून सूट नाही. पाळी आलेल्या देशापुढे तीन कागद ठेवले जातात. एक सरकारचा स्वतःचा अहवाल, दुसरा संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांनी वेळोवेळी जे म्हटलंय त्याचं संकलन, आणि तिसरा तुमच्या-आमच्यासारख्या संस्थांनी पाठवलेल्या माहितीचा गोषवारा. मुंबईची असो की दाहोदची, सगळ्यांची माहिती मिळून या तिसऱ्या कागदाला साधारण दहा पानं. सरकारच्या अहवालात लिहिलं जातं की इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा केल्या. माझ्या भावाचा रॅम्पही त्या वाक्यात धरलेला असणार. तो साडेसहा फुटांचा आहे आणि वर कुलूप आहे, हे सांगायला जागा आहे ती फक्त तिसऱ्या कागदात.

आमच्याकडे समज असा, की हे दिल्लीतल्या मोठ्या संस्थांचं काम. संयुक्त राष्ट्रांची मान्यता लागते, विमानाची तिकिटं लागतात, ओळखी लागतात. लेखी माहिती पाठवायला यातलं काहीही लागत नाही. एकट्या संस्थेने पाठवायची तर २,८१५ शब्दांत, अनेकांनी मिळून पाठवायची तर ५,६३० शब्दांत, आणि पाळीच्या सहा-आठ महिने आधी. मान्यता लागते ती नंतर, अहवाल मंजूर होताना परिषदेत उभं राहून दोन मिनिटं बोलायचं असेल तर.

मला खुपतं ते वेगळंच. माहिती पाठवायची संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषेत, शक्यतो इंग्रजीत, फ्रेंचमध्ये नाहीतर स्पॅनिशमध्ये. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातली आई मराठीत सांगते, तरसालीची बाई गुजरातीत, आणि लिहितो तो, ज्याचं इंग्रजी चांगलं. मग ‘जाळीला कुलूप होतं’ याचं ‘सुगमतेचा अभाव’ होतं, आणि ते वाक्य कुठल्याही देशाच्या कुठल्याही अहवालात खपून जातं. म्हणून बडोद्यातल्या छोट्या गटांना माझं आग्रहाने सांगणं आहे, की भाषांतर करणाऱ्याशेजारी बसा. तारीख, इंच, कुलूप यातलं काही गाळू देऊ नका. माणसाचं नाव मात्र त्याला विचारल्याशिवाय घालू नका, कारण हे कागद पुढे सगळ्या जगाला वाचता येतात. संमती घेतानाही हे त्याला समजावून सांगा.

प्रत्यक्ष आढाव्याला साडेतीन तास मिळतात आणि तिथे फक्त सरकारं बोलतात. आपला प्रश्न कुणीतरी दुसऱ्या देशाने विचारावा लागतो. त्यासाठी आधी काही महिने दिल्लीतल्या दूतावासांना लिहायचं, भेटायचं, दोन पानांत मुद्दा द्यायचा. आणि शिफारस अशी सुचवायची की पुढच्या वेळी ती मोजता येईल. ‘दिव्यांगांबाबत संवेदनशील व्हावे’ असल्या शिफारशीला कुणीही हो म्हणतं आणि ती कुणालाच तपासता येत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात भारताला ३३९ शिफारशी मिळाल्या. त्यातल्या २२१ सरकारने स्वीकारल्या, बाकीच्यांची ‘नोंद घेतली’. नाकारलं असं तिथे कुणी म्हणत नाही. माझ्या मते आपलं खरं काम या २२१ पासून सुरू होतं. सरकारने जगापुढे हो म्हटलेलं आहे. ते छापून घ्यावं, आपल्या विषयाच्या शिफारशींवर खूण करावी आणि कलेक्टर कचेरीत, पालिकेत, आमदारांकडे त्यासाठी खेटे घालावेत. आढावा झाला की बहुतेक जण फाईल बांधून ठेवतात, आणि मला वाटतं सगळं तिथेच निसटतं.

मागच्या आठवड्यात एका काकांनी विचारलं, “घरची अब्रू वेशीला कशाला टांगायची?” त्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून सरळ उत्तर देते. काका, तिथे अहवाल घेऊन आपलं सरकार स्वतः जातं. दिव्यांगांच्या हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये स्वतः मान्य केला आणि त्याच्या ३३ व्या कलमात लिहिलंय, की देखरेखीत दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या संघटना असल्याच पाहिजेत. २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आपल्या संसदेने केला. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली होती. ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. भारताने व्यक्तिगत तक्रारीची वाट मान्य केलेली नाही, त्यामुळे माझा भाऊ त्या करारावरच्या समितीकडे स्वतःची तक्रार नेऊ शकत नाही. आढाव्यात माहिती देणं तरी आमच्या हातात आहे, आणि तेही आम्ही सोडावं का?

आणि हे काम बडोद्याला परकं कसं असेल? हंसाबेन मेहता याच संस्थानच्या दिवाणांची मुलगी, पुढे इथल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असं होतं, त्याचं ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ व्हावं म्हणून त्या अडून बसल्या, आणि १९४८ च्या १० डिसेंबरला ते तसंच मंजूर झालं. विद्यापीठाच्या लायब्ररीला त्यांचं नाव आहे. मी त्या लायब्ररीत परीक्षांचा अभ्यास केला आणि त्यांची ही गोष्ट मला चाळिशीत कळली, याचं अजून वाईट वाटतं.

आम्ही सध्या चार-पाच जण आहोत. स्वतंत्र संस्था काढायची नाही, आमच्या नोंदी एखाद्या मोठ्या गटाच्या संयुक्त निवेदनात जाव्यात यासाठी खटपट चालू आहे. त्यासाठी मदत हवी आहे. तुमच्या भागात शाळा, दवाखाना, बँक, पोस्ट, वॉर्ड ऑफिस, जिथे रॅम्प असेल तिथे जा. ओट्याची उंची इंचांत, उताराची लांबी फुटांत, कठडा आहे का, आणि तुम्ही गेलात त्या दिवशी, त्या वेळी वरचं दार उघडं होतं की बंद, हे लिहा. तारीख घाला, एक फोटो काढा, फोटोत कुणाचा चेहरा नको. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, इनबॉक्समध्ये पाठवा. भाषांतराला मी बसते. भाऊ शेजारी असतोच, एखादं वाक्य गुळगुळीत झालं की तो लगेच थांबवतो.