नायट्रोजनवर साधी हवा भरल्याने टायर फुटत नाही

उन्हाचा पारा चढू लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. नायट्रोजन तापून फुगत नाही, त्यामुळे टायर फुटत नाही. एकदा भरला की वर्षभर हवा तपासावी लागत नाही. विमानातही तोच भरतात. गाडीचा अ‍ॅव्हरेज वाढतो. आणि नायट्रोजन असलेल्या टायरमध्ये चुकून साधी हवा गेली तर दोन्हींची प्रक्रिया होऊन टायर फुटतो, असे त्यात लिहिलेले असते. यंदा माझ्या भाच्याने तो खरा मानला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शेवटचा दावा सर्वांत घातक आहे. भाचा मे महिन्यात भर दुपारी चोपड्याहून धुळ्याला निघाला होता आणि मागच्या एका चाकात हवा कमी झालेली होती. अमळनेरच्या पंक्चरवाल्याने नळी हातात घेतली, तेव्हा यानेच त्याला थांबवले, कारण आत नायट्रोजन होता आणि पुन्हा नायट्रोजन धुळ्यालाच मिळणार होता. तशाच कमी हवेवर चालवत नेलेला टायर धुळ्यात रिमवरून उतरवला तेव्हा आतून मूठभर काळा चुरा निघाला. साइडवॉलचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचे, आतले रबर दबून, घासून सोलले गेले होते आणि टायर बाद झाला होता. तो वाटेत फुटला नाही, हे आमचे नशीब.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बाकीच्यात २१ टक्के ऑक्सिजन आणि थोडे इतर वायू असतात. हे दोन वायू टायरमध्ये एकमेकांशी भांडत असते, तर साध्या हवेचा एकही टायर टिकला नसता. ९५ टक्के नायट्रोजन असलेला टायर २८ पौंडांवर उतरला आणि त्यात पाच पौंड साधी हवा भरली, तर नायट्रोजनचे प्रमाण ९३ टक्क्यांच्या आसपास येते. याखेरीज काहीही घडत नाही. नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हवरचे टोपण हिरवे असले तरी आतला व्हॉल्व्ह तोच असतो.

नायट्रोजन तापून फुगत नाही, हे तर शाळेत शिकवलेल्या वायूच्या नियमालाच धरून नाही. सकाळी २५ अंशांना ३३ पौंड असलेला टायर आतून ६५ अंशांपर्यंत तापला, तर गेज ३९ पौंडांच्या जवळ जाते, मग आत नायट्रोजन असो की कोरडी हवा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याची वाफ असते आणि त्यामुळे थोडा फरक पडू शकतो, एवढे मान्य. परंतु जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात टायर फुटतात ते बहुतेक वेळा कमी हवा, जादा भार, वेग आणि जुने रबर यांमुळे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच टायर आतून तापतो.

वर्षभर तपासू नका, या सल्ल्यात अर्धे सत्य आहे. ऑक्सिजन रबरातून नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने ३१ प्रकारच्या टायरांत ३० पौंड दाब भरून ते वर्षभर तसेच ठेवले होते. साधी हवा सरासरी साडेतीन पौंड उतरली आणि नायट्रोजन २.२ पौंड. म्हणजे वर्षाचा फरक १.३ पौंड, आणि तोही न धावलेल्या, खिळा न लागलेल्या टायरांचा. गळका व्हॉल्व्ह आत कोणता वायू आहे हे पाहत नाही. दाब महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावाच लागतो. अ‍ॅव्हरेजही योग्य दाबाने मिळतो, वायूच्या नावाने नाही.

विमानांची गोष्ट मात्र खरी आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७ चा साध्या हवेने भरलेला टायर तापलेल्या ब्रेकमुळे हवेत असतानाच फुटला आणि १६७ जण दगावले. त्या उष्णतेत रबरातून निघणाऱ्या वाफा ऑक्सिजनमुळे पेट घेतात, म्हणून तिथे नायट्रोजन लागतो. आपल्या मोटारीचे टायर त्या तापमानाच्या जवळपासही जात नाहीत.

नायट्रोजन फुकट मिळत असेल तर खुशाल भरावा. दर टायरमागे पैसे मागत असतील, तर आधी साइडवॉलवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. तो इतका जुना आणि तडे गेलेला असेल, तर ते पैसे नव्या टायरसाठी ठेवावेत.