बॅटरी घरी विसरा

जुनी लेन्स घ्यायला निघालात? छान. मग आधी खिशातली बॅटरी काढून टेबलावर ठेवा. मोबाइल न्यावा लागेलच, पण त्यातला टॉर्च कुठे असतो हे आपल्या गावीही नाही असा चेहरा ठेवा. जुन्या लेन्सच्या व्यवहारात जेवढी माणसं कष्टी झालेली मी पाहिली, ती सगळी उजेडामुळे झाली. मागून बॅटरी मारायची आणि पुढून तिरकं बघायचं, की काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. चिकटवलेल्या दोन काचांमधला बाल्सम नावाचा डिंक सुटलेला असेल तर चकाकणारे रंगीत पट्टे दिसतात. धुरकटपणा दिसतो. मग भाव पडतो, विकणाऱ्याचं तोंड पडतं आणि तुम्ही रिकाम्या हाताने घरी येता. कशाला? लेन्समधून बघायचं असतं, लेन्समध्ये नव्हे.

योग्य भाव काढायची रीत सोपी आहे. ईबे उघडा, लेन्सचं नाव टाका आणि सगळ्यात मोठा आकडा शोधा. तोच बाजारभाव. तिथे विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या दाखवणारी एक चाळणी असते, तिला चुकूनही हात लावू नका. तिच्यात लोकांनी खिशातून खरोखर किती पैसे काढले ते दिसतं आणि एखादीच्या बाबतीत तो आकडा मागितलेल्या भावाच्या निम्मा निघतो. अशाने उत्साह मावळतो. त्यापेक्षा तीन वर्षं एकाच भावाला टांगलेली लेन्स बघावी. भाव किती स्थिर आहे ते कळतं. आमच्या इमारतीतल्या एका फ्लॅटवर सहा वर्षं ‘विकणे आहे’ची पाटी आहे. गिऱ्हाईक फिरकलेलं नाही, पण मालक स्वतःला कोट्यधीश समजून भाजी घेतात.

वर्णनं मात्र बारकाईने वाचा. जपानी विक्रेते ‘एक्सलंट’च्या पुढे अधिकची चिन्हं लावतात, चार-चार, पाच-पाच. आमच्या मराठी शाळेत ‘ब अधिक’ मिळाला तरी पेढे वाटले जायचे, तेव्हा पाच अधिक म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. खाली बारीक अक्षरात ‘किंचित बुरशी, फोटोवर परिणाम नाही’ असं असतं, ते ओलांडून पुढे जावं. ‘तपासलेली नाही’ हा शेरा तर सर्वांत विश्वासाचा. फोकसची रिंग फिरवून बघायला आणि आत उजेड कमी-जास्त सोडणारी पाती उघडमीट करायला दहा सेकंद लागतात. ज्या माणसाने बारा कोनांतून बारा फोटो काढले, खोकं बांधलं, वजन केलं, त्याला नेमकी ती दहा सेकंदं मिळाली नाहीत. किती कामाचा माणूस असेल!

आता प्रत्यक्ष बाजार. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मागे एका रविवारी नळाच्या तोट्या, पितळी अडकित्ता आणि एकाच पायाचा बूट यांच्यामध्ये मला एक झेनिट कॅमेरा दिसला. रशियन, जड, एखाद्याच्या डोक्यात घालता येईल असा. पुढे लेन्स होती. मी उकिडवा बसलो.

“दोन हजार द्या साहेब,” विकणारा म्हणाला.

ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, “अरे वा, हेलिओस!”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग लेन्सकडे बघितलं. मग लेन्स उचलून शर्टाच्या बाहीला पुसली. “हां, तीच ती,” तो म्हणाला. “साडेसहा.”

मी दिले. अज्ञानाला किंमत असते आणि ती ज्ञानी माणसाने मोजायची असते. पुढच्या रविवारी त्याच्याकडे आणखी एक मोडका कॅमेरा होता, बहुधा याशिका, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘हेलिओस आहे साहेब’ म्हणून हाका मारत होता.

कुणी तुम्हाला सांगेल की हेलिओस ४४-२ लाखांनी बनली. युद्धापूर्वीच्या जर्मन झाइस बायोटारच्या रचनेवर बेतलेली ही ५८ मिलिमीटर, एफ २ ची लेन्स क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने काढली, मिन्स्कने काढली, वल्दाईनेही काढली, आणि झेनिटसोबत ती जगभर गेली. तसंच साठ ते ऐंशीच्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक एसएलआर कॅमेऱ्याला पन्नास मिलिमीटरच्या आसपासची एक लेन्स जन्मतःच लावून येत असे, म्हणून पन्नासएमएमइतकी मुबलक जुनी लेन्स दुसरी नाही. हे सगळं खरं आहे. पण या माहितीचा व्यवहारात उपयोग काय? विकणारा ‘दुर्मीळ’ म्हणतो तेव्हा तो तुमचा मान राखत असतो. लेन्सवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालाचे असतात, ते वाचून ‘अठ्ठ्याहत्तरची काच वेगळीच होती हो’ असं तोही म्हणेल, तुम्हीही म्हणा. द्राक्षं कुठल्या सालची यावर दारूचा भाव ठरतो, मग कारखान्याने काय घोडं मारलंय?

भाव खरा कशाने वाढतो, तर दोषाने. हेलिओसच्या कडेकडेची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी गरगरते. पूर्वी फोटोग्राफर याला लेन्सची खोड म्हणायचे, आता व्यक्तिमत्त्व म्हणतात. मायर गोर्लिट्झची ट्रायोप्लान १०० मिलिमीटर घ्या. तीन काचांची साधी रचना, गोलीय दोष (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत न मिळणं) पुरता न आवरल्यामुळे मागचे दिवे साबणाच्या फुग्यांसारखे कडा काढून दिसतात. लेन्सकारांच्या पिढ्यांनी जो दोष घालवायला आयुष्यं वेचली तो आता फुग्याच्या हिशेबाने विकला जातो. त्याच कारखान्याची डायाप्लान नावाची, याच घराण्याची लेन्स स्लाइड प्रोजेक्टरमध्ये बसवलेली असे आणि ती ट्रायोप्लानच्या मानाने फारच स्वस्त पडते. अर्थात ती घेऊ नका. पाती उघडमीट करणारं अपर्चर नाही, फोकसची रिंग नाही, आणि प्रोजेक्टरची लेन्स गळ्यात घालून कास पठारावर गेलात तर चारचौघांत सांगणार काय?

ताकुमारचा विषय निघाला की माझा आवाज जरा खाली येतो. ‘असाही पेंटॅक्स’ या जपानी कंपनीची सुपर-ताकुमार ५० मिलिमीटर, एफ १.४. पहिली आवृत्ती आठ काचांची, नंतरची सातांची. लेन्सच्या अंगावरच्या आकड्यांच्या पट्टीवरची एक लाल रेघ ‘४’च्या कोणत्या बाजूला आहे यावरून ती ओळखतात आणि त्या रेघेच्या जागेवरून भाव बदलतो. विकणाऱ्याने ‘आठवाली’ म्हटलं की रेघ बघायला वाकू नये, कंबर धरते. सातवालीच्या एका काचेत थोरियम असतं आणि त्यामुळे वर्षानुवर्षांनी ती चहासारखी पिवळी पडते. काही दिवस अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात ठेवली की पिवळेपणा बराचसा जातो, पण हे विकणाऱ्यासमोर बोलायचं नाही. तो त्याला ‘नैसर्गिक उबदार छटा’ म्हणेल आणि हजारभर जास्त मागेल, ते द्यावेत. थोरियमचं अर्धायुष्य १,४०५ कोटी वर्षं आहे. एवढ्या मुदतीचा माल दुसरीकडे कुठे मिळतो? विकणाऱ्याची स्वतःची गॅरंटी गल्लीच्या तोंडापर्यंत असते.

‘आपल्या कॅमेऱ्याला बसते का’ हा प्रश्न आधी विचारू नका, नंतर कळतंच. २०१३ मध्ये सोनीचा ए-सेव्हन कॅमेरा आला. त्याच्यात माउंटपासून, म्हणजे लेन्स अडकवायच्या कड्यापासून, सेन्सरपर्यंत फक्त १८ मिलिमीटर अंतर, त्यामुळे मधे अडॅप्टर घालायला ऐसपैस जागा. भंगारवाल्याने वजनावर नेल्या असत्या अशा लेन्सना त्या काळापासून चांगले दिवस आले. कॅननने १९८७ मध्ये माउंट बदलून आपल्या जुन्या एफडी लेन्सना वाऱ्यावर सोडलं होतं, त्यांचीही सुटका झाली. पण तुमच्याकडे निकॉनचा जुना डीएसएलआर आहे ना? मग मजा वेगळी आहे. स्क्रूवाल्या एम-४२ लेन्सला ४५.४६ मिलिमीटर अंतर हवं असतं, निकॉनचं ४६.५. साधा अडॅप्टर लावला की जवळचं फूल स्वच्छ दिसतं आणि लांबचं काहीच जुळत नाही. फरक मिलिमीटरभराचा, पण त्यात अख्खा सह्याद्री अडकतो. दुरून डोंगर साजरे ही म्हण आमच्या घरी त्या दिवसापासून कुणी म्हणत नाही.

ओरखड्यांबद्दल कडक राहा. पुढच्या काचेवर केसाएवढा ओरखडा असेल तर लेन्स तत्काळ परत ठेवा, भाव निम्म्यावर आला तरी. तसल्या ओरखड्याने फोटोत सहसा काही दिसत नाही, म्हणून हिशेबी लोक मुद्दाम अशाच लेन्स उचलतात. तुम्ही त्यातले नाही. तुम्ही समोरून आरशासारखी चकचकीत असलेली घ्या, मागच्या काचेवर धुकं असलं तर असू दे. पातींवर तेल दिसलं तर? हाताने अपर्चर फिरवायच्या हेलिओससारख्या लेन्सला त्याने फारसं अडत नाही. क्लिक करताच पाती झटकन मिटावी लागतात अशा लेन्समध्ये मात्र ती चिकटतात आणि फोटो पांढरेफटक येतात. हा फरक लक्षात ठेवलात तर घासाघीस करावी लागेल, म्हणून विसरा.

मुंबईकरांनी बुरशीला एवढं का घाबरावं तेच कळत नाही. जून ते सप्टेंबर आपल्या चपला, पट्टे, लग्नाचा अल्बम, सगळ्यांना ती येते. लेन्सने काय पाप केलंय? हवा कोरडी ठेवणारं कपाट घ्यायचं, आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवायची, हे चोचले झाले. चामड्याच्या डब्यात घालून कपड्यांच्या कपाटात ठेवा, आत ती छान वाढेल. मग बोरा बाजारात एखाद्या जुन्या कारागिराकडे न्या. तो लेन्स उघडेल, डोळ्याला भिंग लावेल आणि “पुसून देतो, पण कोटिंग खाल्लंय, डाग राहणार” असं म्हणेल. साफसफाईचे जे पैसे तो सांगेल ते लेन्सच्या भावातून वजा करून बोलणी करतात म्हणे काही माणसं. मी ते मिळवतो. लेन्सवर माझे आतापर्यंत किती लागले हे सांगताना आकडा भारदस्त वाटतो.

चोर बाजारातल्या सोनेरी लायकाबद्दल एवढंच सांगतो की मटण स्ट्रीटवर मला जो दाखवला त्यावर जर्मन गरुडही होता. आतून तो फेड होता की झोर्की, यावर माझं आणि माझ्या मेव्हण्याचं अजून एकमत झालेलं नाही. दोन्ही लायकाच्या सोव्हिएत नकला.

घरी आल्यावर एक परीक्षा असते. आमच्या हिने टेबलावरच्या पन्नासच्या आसपासच्या अकरा लेन्स एका ओळीत लावल्या आणि विचारलं, “यातली परवाची कुठली?” मी दोन मिनिटं बघत होतो. शेवटी क्रमांकांवरून सांगितलं. “मग फोटोतही दोन मिनिटं लागतात का?” असं विचारून ती आत गेली. हौसेला मोल नसतं हे तिला समजावण्यात अर्थ नाही. मोल असतं, आणि ते मी एका वहीत लिहून ठेवलेलं आहे. वही तिला सापडलेली नाही.

ओळ जरा कमी करावी, असं घरात सर्वानुमते ठरलं आहे. तेव्हा तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवली आहे. अठ्ठ्याहत्तरची हेलिओस, पुण्याच्या एका जुन्या संग्रहातली. समोरून काच आरशासारखी. वयोमानानुसार आत किंचित मऊपणा, फोटोवर परिणाम नाही. नऊ हजार. ईबेवर बघून घ्या, वरून पहिलाच आकडा आहे. संध्याकाळी सातनंतर या. जिन्यातला दिवा गेलाय, पण कठड्याला धरून येता येतं.