खुलासा: गेम अडखळतोय म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं, असं नाही

‘महागड्या कॉम्प्युटरवरही गेम अडखळत असेल तर ग्राफिक्स कार्ड बाद झालंय, नवं घ्या’ हा सल्ला बराच फिरतोय. त्यावर विसंबून कृपया पैसे घालवू नका.

सरासरी एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) चांगला असूनही गेम अडखळू शकतो. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांत यायला हवी. एखादीच फ्रेम १०० मिलिसेकंद रेंगाळली तरी झटका जाणवतो, सरासरी मात्र फारशी हलत नाही. म्हणून फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख बघा.

नव्या जागेत पहिल्यांदा झटका बसला आणि पुन्हा तिथे गेल्यावर बसला नाही, तर तो बहुधा शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होण्याचा, म्हणजे ऐनवेळी तयार होण्याचा. डायरेक्टएक्स १२ (विंडोजमधली ग्राफिक्सची प्रणाली) वापरणाऱ्या बऱ्याच गेममध्ये हे दिसतं आणि कार्ड बदलून जात नाही. गेम सुरुवातीला शेडर तयार करत असेल, तर तेवढा वेळ थांबाच. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चरचा (पृष्ठभागांवरच्या चित्रांचा) दर्जा कमी केल्यावर फरक पडला, तर व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) अपुरी पडत होती. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंदच राहिलेलं असतं, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच लावलीय ना, हे सगळ्यात आधी तपासा.

कार्ड खरंच बिघडत असेल तर बहुतेक वेळा स्क्रीनवर विचित्र ठिपके-पट्टे उमटतात किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वारंवार क्रॅश होतो.