लस घेतली, मग तपासणी कशाला?

"हा विषाणू बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतो म्हणता. मग सगळ्या बायकांना कॅन्सर का होत नाही?" बंड्याचा प्रश्न त्याला स्वतःलाच बिनतोड वाटला असावा, कारण तो लगेच कट्ट्यावर मांडी घालून बसला.

विषय गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा आणि तो घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचा होता. मेघा लॅबमध्ये काम करते, त्यामुळे उत्तर तिच्याकडून येणार हे ठरलेलंच.

"कारण शरीर त्याला हाकलतं. दहातल्या साधारण नऊ जणींच्या अंगातून एचपीव्ही वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. बाईला पत्ताही लागत नाही. जो ठाण मांडून बसतो, तो धोक्याचा. त्यातही सगळे प्रकार नाहीत. दोनशेहून जास्त प्रकार आहेत. घातक म्हणावेत असे चौदा-एक, आणि त्यातले १६ आणि १८ हे दोन नंबर मिळून सुमारे ७० टक्के केसेसच्या मुळाशी असतात."

"आणि ठाण मांडून तो करतो काय?"

"पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिनं असतात, नेमकी तीच निकामी करतो. मग बिघडलेली पेशी वाढत सुटते. पण घाई नाही त्याला. प्रतिकारशक्ती ठीक असेल तर कॅन्सरपर्यंत जायला पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असून उपचार चालू नसतील तर पाच-दहा."

मला विचाराल तर सगळ्या चर्चेतली कळीची गोष्ट हीच. एवढी मुदत देणारे कॅन्सर फार थोडे. पण ती मुदत कामी कधी येईल? कुणी आत डोकावून बघितलं तर.

बंड्या मात्र लशीवर घसरला. "जपानने बंद केली होती ना लस? उगाच केली असेल?"

"बंद नव्हती केली," मी म्हटलं. "२०१३ मध्ये तिथल्या सरकारने शिफारस करणं थांबवलं. मुलींना त्रास होतो अशा बातम्या आल्या होत्या. लस घेणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्याच्या खाली आलं. पुढे नागोया शहरात सुमारे तीस हजार तरुणींची पाहणी झाली. ज्या लक्षणांची भीती होती ती लस न घेतलेल्यांमध्येही तशीच सापडली. २०२२ मध्ये शिफारस परत सुरू झाली. मधल्या वर्षांतल्या मुली मात्र तशाच मोठ्या झाल्या."

"लशीत विषाणूच नसतो मुळी," मेघा म्हणाली. "वरचं टरफल असतं फक्त, आत दाणा नाही. त्याने संसर्ग होणार कसा? स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींच्या नोंदी तपासल्या, तर या कॅन्सरची एकही केस सापडली नाही."

"झालं तर मग," अण्णा म्हणाले. "लस टोचायची आणि मोकळं व्हायचं."

इथे मेघा भडकली. "अण्णा, तुम्ही सुद्धा? लस सगळ्या प्रकारांवर नाही. आणि जो विषाणू आधीच आत शिरलाय त्याला ती बाहेर काढत नाही. म्हणून तर ती लहानपणी द्यायची, नऊ ते चौदाच्या दरम्यान. तिशीच्या पुढे तपासणी हवीच. एचपीव्हीची डीएनए टेस्ट असेल तर दर पाच ते दहा वर्षांनी पुरते, आणि नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो."

"आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? घरात भांडण," बंड्या म्हणाला. "नवरा-बायकोपैकी कुणीतरी बाहेर..."

तो अर्धवट थांबला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. माझ्या मते लशीच्या भीतीइतकंच नुकसान हा संशय करत असेल. बाई रिपोर्ट लपवते आणि पुढच्या तपासणीला जातच नाही.

"रिपोर्टवर तारीख कुठे असते, संसर्ग कधी झाला त्याची?" मेघाने विचारलं. "विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. लग्नाआधीचा असेल, कुणाचाही असेल. आयुष्यात एकच जोडीदार असला तरी होतो. कातडीला कातडी लागून पसरतो, कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण टळत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि चारित्र्याचा दाखला तर नव्हेच."

कुणी काही बोललं नाही. मग अण्णांनी त्यांच्या पिढीचा उपाय काढला. "आमच्यात सरळ पिशवी काढून टाकायचे."

"कॅन्सरच्या आधीच्या टप्प्यात त्याची बहुतेक वेळा गरजच नसते. बिघडलेला भाग उष्णतेने जाळतात, नाहीतर तारेच्या कडीने तेवढाच कापून काढतात. बाई त्याच दिवशी घरी जाते, पिशवी जागेवर राहते. कॅन्सर झालाच, पण लवकर सापडला तर ऑपरेशन. पुढे गेला असेल तर रेडिएशन, सोबत सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाची केमो, आणि आतून द्यायचं रेडिएशन वेगळं."

"ऑपरेशन दुर्बिणीतूनच करावं, नाही का? छेद छोटा," बंड्या म्हणाला.

मलाही तसंच वाटलं असतं, पण २०१८ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. लवकरच्या टप्प्यातल्या या कॅन्सरसाठी पिशवी आणि आजूबाजूचा भाग दुर्बिणीतून काढलेल्या बायकांपेक्षा पोट उघडून ऑपरेशन झालेल्या जास्त जगल्या. शल्यचिकित्सकही चक्रावले होते.

"लक्षणं काय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"सुरुवातीला काहीच नाही. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर अंगावरून लाल जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसायचं नाही. आधी लस घेतली असली तरी डॉक्टरकडे जायचं."

निघता निघता बंड्याने नवा फाटा फोडला. मुलग्यांना का नाही द्यायची लस? मेघा म्हणे द्यावीच, घशाचा कॅन्सरही याच विषाणूने होतो, ऑस्ट्रेलिया २०१३ पासून मुलग्यांनाही देते. अण्णांचं म्हणणं, जिथे डोस पुरत नाहीत तिथे आधी सगळ्या मुली होऊ द्या. मी अण्णांच्या बाजूने बोललो. मेघाला ते अजिबात पटलं नाही.