काका, ट्रिंकेट!

माझ्या स्वभावात दम नाही. सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न, व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरता वाचायच्या आत उत्तर, आणि पानात वरण पडायच्या आत भात संपलेला. अशा माणसाने चाळिशी उलटल्यावर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमच्या अरीनात उतरावं, तेही प्रीस्ट, म्हणजे सोबत्याला बरं करणारा पुजारी होऊन, हा निव्वळ आत्मक्लेश आहे. तिथला निकाल कोणी किती बटणं दाबली यापेक्षा कोणी कोणतं बटण दाबायचं टाळलं, यावर ठरतो.

हा गेम २००४ सालचा. माणसांनी माणसांशी दोनास दोन, तिनास तीन, पाचास पाच असं लढायचं अरीना त्यात २००७ साली ‘बर्निंग क्रुसेड’ या पुरवणीबरोबर आलं आणि २०२१ मध्ये ‘क्लासिक’ रूपात पुन्हा उघडलं. पहिल्या खेपेला माझं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून राहून गेलं. दुसऱ्या खेपेला ते कारण पुरेना.

माझा जोडीदार नागपूरचा, इंजिनिअरिंगला आहे. तो रोग. इथे रोग म्हणजे आजार नव्हे, अदृश्य होऊन पाठीत सुरी खुपसणारा भामटा. ओळख गेममधलीच. आवाजावरून त्याने माझं वय ताडलं आणि पहिल्याच दिवशी ‘काका’ करून टाकलं. त्याचं काम मारायचं, माझं काम त्याला जिवंत ठेवायचं. समोरही बहुतेक वेळा असाच एखादा भामटा असतो आणि तो आधी प्रीस्टकडेच येतो. सुती झग्यातला माणूस सोडून चिलखतवाल्याच्या वाटेला कोण जाईल?

तर तो भामटा येतो कसा, ते नीट सांगायला हवं, कारण माझा सगळा छळ त्या दहा सेकंदांत आहे. अदृश्य असतानाच तो ‘चीप शॉट’ मारतो. चार सेकंद तुम्ही लुळे. हलता येत नाही, मंत्र म्हणता येत नाही, रक्ताची पट्टी सरसर उतरताना फक्त बघायचं. ते संपतं न संपतं तोच ‘किडनी शॉट’, आणखी सहा सेकंद. एकाच जातीचा मारा लागोपाठ झाला की त्याचा असर अर्धा, मग पाव, मग शून्य होतो, असा गेमचा एक दयाळू नियम आहे. पण किडनीचा हिशेब वेगळ्या खात्यात लिहिला जातो, त्यामुळे ती पूर्णच्या पूर्ण बसते.

यातून सुटायला तुमच्याकडे एक ताईत असतो. त्याला सगळे ट्रिंकेट म्हणतात. दाबला की मोकळे, पण पुन्हा दोन मिनिटं तो चालत नाही. शहाणा माणूस चीप शॉट मुकाट्याने खातो आणि ताईत किडनीसाठी राखतो. मी पहिल्या सेकंदाला दाबतो. कानात लगेच, “काऊन जी काका? काऊन मारलं ट्रिंकेट? चीप शॉट होता ना तो!” त्याचं वाक्य संपेपर्यंत किडनी बसलेली असते. त्यातून वाचलोच तर भामटा डोळ्यांत धूळ फेकतो, आणखी दहा सेकंद आंधळे. तेवढ्यात नागपूर पडतं.

मग त्याने शिस्त लावली. किडनी आली की मी मोठ्याने ‘किडनी’ म्हणायचं, तोवर ताईताला हात लावायचा नाही. युरोपच्या सर्व्हरवर लोक त्यांच्या संध्याकाळी सात वाजता जमतात, म्हणजे हिवाळ्यात आपले साडेअकरा. त्या शांततेत मी “किडनी! किडनी गेली!” असं ओरडलो की आतून आई विचारते, “कुणाची रे?” समोर मेज, म्हणजे जादूगार असला तर त्याहून कठीण. तो माणसाची चक्क मेंढी करतो, आणि “मी मेंढी झालोय, दहा सेकंद येत नाही” हे जोडीदाराला कळवणं भाग असतं. बायको आता दार लावून घेते.

बाकीची साधना किरकोळ. ए आणि डी ही बटणं मुळात पात्राला वळवतात. ती बदलून बाजूला सरकायला लावायची आणि वळायचं काम माउसकडे द्यायचं, एवढ्यावर माझी एक करंगळी कायमची रुसली. नाग्रांडच्या आखाड्यात चार खांब आहेत. शत्रूला आपण दिसलो नाही तर त्याचा मंत्र लागत नाही, म्हणून मी वटपौर्णिमेच्या नेमाने त्या खांबाभोवती फिरतो. अडचण अशी की खांबाआडून जोडीदारही दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याला बरं करता येत नाही.

पण खोटा मंत्र! हे मात्र मला मनापासून आवडलं. मंत्र सुरू करायचा आणि मध्येच एक पाऊल हलून सोडून द्यायचा. समोरच्याने घाईने अडवायची खेळी टाकली की ती वाया जाते. मेजची ती खेळी चोवीस सेकंद परत येत नाही, तेवढ्यात खरा मंत्र म्हणून घ्यायचा. म्हणजे समोर माझ्यासारखाच उतावळा असेल तर मी जिंकतो. उतावळेपणा इतका किफायतशीर असतो हे मला दुसऱ्याचा पाहिल्यावर कळलं.

नागपूरच्या आज्ञेवरून सामने रेकॉर्डही केले. ते बघण्याइतकी क्रूर शिक्षा नाही. जोडीदार मरतोय आणि पडद्यावरचा प्रीस्ट एका भिंतीकडे तोंड करून उभा. खेळताना मला वाटत होतं की मी भयंकर गडबडीत आहे.

अलीकडे मात्र दम आलाय. परवा चीप शॉट आला, मी गप्प. किडनी आली, गप्प. आंधळं केलं, तरी गप्प. पुढे याहून वाईट काहीतरी येणार आणि तेव्हा ताईत लागेल, असा मी पक्का हिशेब केला होता. मी मेलो तेव्हा ताईत अगदी कोरा करकरीत होता.

कानात बराच वेळ काही आलं नाही. मग, “काका, ते ट्रिंकेट म्युझियमले द्यायचं हाय का जी?”

मी म्हटलं, “आज बंद करू या का?”

“नाही ना जी, आठवड्याचे दहा सामने झाल्याबिगर पॉइंट नाही भेटत. हरलं तरी चालते. उरलेले लवकर लवकर हरून टाकू, सकाळी मले प्रॅक्टिकल हाय.”